किल्ल्यावर पाणी कुठंय, ते आधी विचारा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी जवळ आली आणि नाशकात मेन रोडला, रविवार कारंज्याला रेडिमेड किल्ले दिसायला लागलेत. प्लास्टरचा डोंगर, वर हिरवा-चॉकलेटी रंग मारलेला, चार बुरूज, मधोमध सिंहासन, झालं काम. उचलायचा, बाल्कनीत ठेवायचा, फोटो काढून स्टेटसला टाकायचा. विकणाऱ्यांवर माझा अजिबात राग नाही, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी माती आणायची कुठून आणि ठेवायची कुठे हा प्रश्न खराच आहे. पण मुलांना मध्ययुगीन इतिहास घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी, जवळपास फुकटात शिकता येतो आणि आपण तो नुसत्या सजावटीत घालवतोय असं मला वाटतं, आणि तुमच्या पेपरात मुलांचं पान असतं म्हणून हे तुम्हालाच लिहितेय. पत्र लांबलंय, हवं तिथे कात्री लावा.

माझी मुलगी सातवीत आहे. सातवीला इतिहासात मध्ययुगच आहे, यादव, बहमनी, मुघल, मग शिवाजी महाराज आणि पुढची मराठेशाही. (युरोपवाले त्यांचं मध्ययुग पंधराव्या शतकाच्या आसपास संपवून टाकतात, आपलं अठराव्या शतकापर्यंत चालू राहतं, तो वाद मोठ्यांनी घालावा, मुलांना काही फरक पडत नाही.) शाळेतून प्रोजेक्ट येतो आणि मग जे घराघरात होतं ते होतं, रात्री दहाला स्टेशनरीचं दुकान गाठायचं, गोल्डन पेपर, फेव्हिकॉल, स्केचपेन, आणि अर्धं काम आई नाहीतर बाबा करणार. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे तरी प्रोजेक्ट म्हटलं की तो कुठून तरी उगवतोच. सगळं झाल्यावर मुलाला विचारा या दरवाज्याच्या आत वळण का आहे, तर तो म्हणतो चित्रात तसंच होतं.

मोबाईलवर मध्ययुगीन क्राफ्ट शोधलं की निघतात ते नाइटचे हेल्मेट, उचलता येणारा पूल असलेला कॅसल, रंगीत काचांची खिडकी. मी त्याच्या विरोधात नाही, आमच्याकडे आइस्क्रीमच्या काड्यांचं दगड फेकणारं यंत्रसुद्धा झालंय, त्यांच्याकडे त्याला ट्रेबुशे म्हणतात, एक हात लांब, एक आखूड, आखूड बाजूला जुने सेल बांधायचे आणि लांब बाजूने खोडरबर फेकायचा. वजन कमीजास्त करून खोडरबर कुठपर्यंत जातो ते बघण्यात पूर्ण दुपार जाते आणि तरफ म्हणजे काय हे पुन्हा शिकवावं लागत नाही. पण असा कॅसल केला की त्याच्या शेजारी आपला किल्लापण करायला लावा, कारण खरी गंमत दोन्ही समोरासमोर आले की सुरू होते. सपाट जमिनीवरच्या कॅसलला भोवती पाण्याचा खंदक का लागतो आणि सह्याद्रीतल्या किल्ल्याला बहुतेक ठिकाणी का लागत नाही, इथे कडाच तासून भिंतीसारखा उभा केलेला असतो, मग तट कुठे बांधायचा आणि कुठे नाही बांधला तरी चालतो, हे प्रश्न मुलं आपणहून विचारतात. आणि मग देवगिरी दाखवायची, तिथे डोंगरपण आहे आणि खडकात खोदलेला खंदकपण आहे, म्हणजे आपला आत्ताच केलेला नियम मोडला, मुलांना हे फार आवडतं.

आता दिवाळीचा किल्ला. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात आपल्या जिल्ह्यातला साल्हेर आहे, बागलाणातला. १५६७ मीटर उंच, सह्याद्रीतला सगळ्यात उंच किल्ला, आणि १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोकळ्या मैदानात मुघलांना हरवलं होतं. तेव्हा सगळ्यांच्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज फिरले, पण नंतर आमच्या इकडच्या किल्ल्यांमध्ये साल्हेर केलेला मी पाहिला नाही, सगळीकडे रायगड आणि तोही सिंहासनापुरता.

किल्ला करायला बसलं की मुलांना पहिला प्रश्न मी एकच घालते, पाणी कुठंय. शत्रू खाली वेढा घालून बसलाय, उन्हाळा आहे, वर चारशे माणसं आहेत, प्यायचं काय. डोंगराचा आकार देऊन झाला की वरून तांब्याभर पाणी हळूहळू ओतायचं आणि ते कुठून वाहतं, कुठे साठतं ते बघायचं, जिथे साठतं तिथे टाकं खोदायचं. खऱ्या किल्ल्यांवर टाकी खडकात खोदलेली असतात आणि खोदताना निघालेला दगड तिथल्या तिथेच बांधकामाला वापरलेला असतो, म्हणजे एका कामात दोन कामं. मुलांनाही तसंच करायला लावायचं, टाक्यातून काढलेली मातीच तटाला लावायची, बाहेरून आणायची नाही. साल्हेरवर गंगासागर तलाव आहे, तो इतक्या उंचावर का टिकतो हे चिखलात हात घातल्यावर डोक्यात शिरतं, नुसतं पुस्तकात वाचून नाही.

दुसरं म्हणजे दरवाजा. मुलं नेहमी समोर मोठ्ठा दरवाजा करतात आणि त्याला सरळ रस्ता. करू द्या. मग एक गोटी घ्या आणि ती हत्ती आहे असं समजून रस्त्यावरून जोरात सोडा, थेट दारावर. आता दरवाजा दोन बुरुजांच्या मागे लपवा, रस्ता दारापाशी एकदम वळवा, गोटी वळणावरच तटाला आपटते. यालाच गोमुखी दरवाजा म्हणतात, वळणावर हत्तीला धावून धडक द्यायला जागाच उरत नाही आणि वरून दोन्ही बाजूंनी मारा होतो. हे एकदा केलं की पुढच्या ट्रेकला मुलं दरवाज्यापाशी सेल्फी काढण्याआधी मागे वळून बघतात की बुरूज कुठे आहेत.

मग कोठार. देवगिरीवर तेराव्या शतकाच्या शेवटी अल्लाउद्दीन खिलजी आला तेव्हा वर चढवलेल्या पोत्यांमध्ये धान्य नसून मीठ निघालं असं सांगतात. आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांनी ही गोष्ट ऐकल्यापासून प्रत्येक किल्ल्यात कोठार असतं आणि त्यात खरेच गहू, तांदूळ मोजून ठेवतात, एकजण तर पोती उघडून तपासणारा माणूसपण ठेवतो. अशीच एक गोष्ट रामशेजची, पेठ रोडने जाताना दिसतो तो किल्ला, छोटासा, पण १६८२ पासून औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं पुरून उरला. तिथल्या किल्लेदाराने लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या करून कातड्याने मढवल्या अशी हकीकत आहे. कागदाची नळी आणि जुन्या पर्सचं कातडं एवढ्यावर ती तोफ होते, आणि मग लाकूड फुटणार नाही का, किती वेळा उडेल, यावर मुलांची जी चर्चा होते ती ऐकण्यासारखी असते.

मातीबद्दल एक सांगते, आपल्याकडची काळी माती वाळली की तडकते, नुसत्या काळ्या मातीचा किल्ला चार दिवसांत भेगाळतो. लाल माती मिसळा, थोडा पेंढा किंवा गोणपाटाचे धागे बारीक करून घाला. वरून हळीव किंवा मोहरी पेरली की गवत येतं, ते आपल्या आजीच्या वेळेपासून आहेच. बाल्कनीवाल्यांनी जुन्या घमेल्यात करावा, छोटा झाला तरी चालतो, पाणी आणि दरवाजा घमेल्यातही होतो.

आता किल्ला सोडून दुसरं, कारण मध्ययुग म्हणजे फक्त लढाया असं मुलांना वाटायला लागतं, ढाल-तलवार-वाघनखं संपली की इतिहास संपला. ढाल करायचीच असेल तर परातीला तेल लावून त्यावर खळ आणि वर्तमानपत्राचे थर द्या, वाळल्यावर काढा, आणि वर ज्या चार फुगीर, धातूच्या फुल्या असतात त्या नक्षी म्हणून चिकटवू नका, आतल्या मुठीच्या कड्या जिथे पक्क्या केलेल्या असतात तिथेच त्या बाहेरून येतात. बस, ढालीचं एवढंच.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं ते मोडी लिपीचं काम. त्याआधी एक गाऱ्हाणं. जुनं पत्र करायचं म्हटलं की सगळे कागद चहाच्या पाण्यात बुडवतात आणि कडा मेणबत्तीवर जाळतात. अहो, शिवकाळात पत्र लिहिलं तेव्हा तो कागद नवाच होता ना! कडा जाळून कोण कुणाला खलिता पाठवेल? त्यापेक्षा कागदच करा. जुन्या वह्यांची पानं फाडून रात्रभर भिजवायची, मिक्सरमधून काढायची (भांडं जुनं घ्या, घरात भांडणं नकोत), भरतकामाच्या रिंगणात मच्छरदाणीची जाळी ताणून बसवायची आणि त्यावर तो लगदा पातळ पसरून पाणी गाळून घ्यायचं, कापडावर उलटा टाकून वाळवायचा. वाळला की मुलं लगेच लिहायला जातात आणि शाई टीपकागदावर फुटावी तशी फुटते. इथे खरा धडा आहे. मग भाताची पेज लावायची, परत वाळवायचा आणि गुळगुळीत गोट्याने घोटायचा, घोटून घोटून हात दुखले की त्यावर शाई फुटत नाही. जुने कागद करणारे हेच करायचे, खळ आणि घोटाई. दौलताबादजवळ कागजीपुऱ्यात हातकागद करण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे, वेरूळला जाणाऱ्या सहलीच्या बसेस त्याच रस्त्याने पुढे निघून जातात.

शाई म्हणजे काजळी आणि डिंक. तिळाच्या तेलाच्या दिव्यावर पितळी ताटली धरून काजळी जमवायची, हे मोठ्यांनी करायचं, बाभळीचा डिंक आदल्या रात्री भिजवायचा आणि दोन्ही खलायचं, जितकं खलाल तितकी शाई चांगली. बोरूची लेखणी मिळाली तर उत्तम, नाहीतर बांबूची काडी तिरकी कापून चालते. आणि मग मोडी. मोडीत आधी पूर्ण ओळीची आडवी रेघ मारून घेतात आणि अक्षरं त्या रेघेला खाली टांगल्यासारखी लिहितात, हात शक्य तितका न उचलता. शब्दांत जागा सोडत नाहीत, पूर्णविराम नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळतच नाहीत. हे शेवटचं ऐकल्यावर आमच्या घरात जो जल्लोष झाला तो सांगायला नको, मराठीच्या पेपरात मार्क ज्या कारणाने जातात ते कारणच नाही. ओल्या शाईवर बारीक वाळू टाकून झटकायची, झालं पत्र. मुलगी आता मैत्रिणींना मोडीत चिठ्ठ्या लिहिते म्हणजे आम्हाला वाचता येऊ नयेत, तेवढा तोटा आहे. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी रोजच्या व्यवहारात होती, जुन्या नाशकातल्या कितीतरी घरांत माळ्यावर मोडी कागद पडलेले असतील, वाचणारं घरात कुणी नाही. एखादं पोर तरी तिकडे वळेल.

नाणी पाडणं लहान मुलांना जमतं, अगदी बालवाडीतल्या. खोडरबरवर अक्षरं उलटी कोरायची आणि शाडूच्या चपट्या गोळीवर दाब द्यायचा. उलटी का कोरायची हे पहिल्या दाबानंतरच कळतं. मग शिवराईचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याचा, फोटो दाखवा, एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति, आणि बहुतेक नाण्यांवर एखादं अक्षर अर्धं कापलेलं असतं, कारण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, हातोड्याचा घाव जसा बसेल तसं उमटणार. मुलांना वाटायचं की जुनी म्हणून झिजली. आपल्या जिल्ह्यात चांदवडला पुढे टांकसाळ होती, चांदवडी रुपया लोकांनी ऐकलेला असतो, आणि त्र्यंबक रोडला अंजनेरीजवळ नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि म्युझियम आहे, तिथे मुलांना न्या. पण आधी घरी दोन-चार नाणी पाडून मगच न्या, काचेआडचं नाणं मग ती फार वेगळ्या नजरेने बघतात.

देवळांचंही करता येतं. सिन्नरचं गोंदेश्वर आपल्यापासून तासाभरावर, यादवांच्या काळातलं, मधे महादेवाचं देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार छोटी. (आपल्याकडे दिसेल त्या जुन्या देवळाला हेमाडपंती म्हणून मोकळे होतात, हेमाडपंत यादवांकडे आले तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, गोंदेश्वर त्याच्या आधीचं मानतात.) चुना न लावता दगडात दगड बसवून एवढं छत कसं उभं राहतं हे कळायला टेबलाच्या कडेवर सारख्या मापाची पुस्तकं एकावर एक थोडी थोडी पुढे सरकवत ठेवा, वरचं जास्त पुढे आणि खालची कमी, पाच-सहा पुस्तकांत सगळ्यात वरचं पूर्ण टेबलाबाहेर जातं आणि तरी पडत नाही. मागचं वजन पुढच्याला धरून ठेवतं. दोन्ही बाजूंनी असं पुढे पुढे आणलं की मधे मिळालं, छत तयार. मग सिन्नरला जाऊन मान वर करून बघायचं. तिथे जाऊन बाहेरच भेळ खाऊन परत येणारे लोक मी बघितलेत, त्यांना कुणी हे सांगितलं असतं तर आत अर्धा तास थांबले असते.

आणि स्वयंपाकघर विसरू नका, तोही इतिहासच आहे. मुलांना सांगा की आज यादवांच्या राज्यातला स्वयंपाक करायचाय, तर काय काय बाहेर काढायचं. मिरची बाहेर, ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. बटाटा, टोमॅटो, शेंगदाणे, मका, काजू, सगळं अमेरिकेकडचं, बाहेर. साबुदाणा बाहेर, उपास करणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पाव बाहेर. म्हणजे आपली मिसळ, जिच्यावर नाशिककर जीव टाकतात, तिच्यातली मटकी आणि कांदा तेवढा राहिला, तर्री गेली. उरलं काय तर भाकरी, तूर, मूग, वांगं, तीळ, ताक, तूप, गूळ, मिरी, आलं, हिंग, जिरं. मिरी आणि आल्याचा तिखटपणा वेगळाच लागतो, जास्त घशाला लागतो. आमच्याकडे ते जेवण सगळ्यांना आवडलं असं नाही म्हणणार, नवऱ्याने गुपचूप लोणच्याची बरणी काढली, त्यातही मिरची होती.

आता तुमच्याकडे मागणं. एक म्हणजे मुलांच्या पानावर मोडी बाराखडी छापा, एका रविवारी सगळी कोंबू नका, दर आठवड्याला पाच-सहा अक्षरं, मोठी, पांढऱ्यावर काळी, बाण दाखवून की हात कुठून कुठे जातो. मागे रंगीत डिझाइन टाकू नका, गिरवता येत नाही. दुसरं, दिवाळीत किल्ल्यांच्या स्पर्धा होतात, सोसायट्यांच्या, मंडळांच्या, त्यांचे फोटो तुम्ही छापता, तर या वर्षी फोटोबरोबर मार्क कशाला दिले तेही छापा. माझं म्हणणं असं की लाइटिंगला आणि कारंज्याला शून्य मार्क असावेत, पाण्याची सोय, दरवाज्याची जागा, कोठार, आणि वर जायची वाट यालाच मार्क, आणि परीक्षक आले की आईबाबांनी दहा पावलं मागे उभं राहायचं, उत्तर फक्त मुलांनी द्यायचं. ज्यांनी रेडिमेड आणलाय त्यांनाही भाग घेऊ द्या, त्यांनी फक्त एवढं सांगावं की यावर पाणी कुठे साठवाल, आणि टाकं खोदून दाखवावं. तिसरं, बोरू, शाडू, लाल माती आणि हातकागद नाशकात कुठे मिळतो याची चौकट एकदा द्या, पालक दरवर्षी एकमेकांना फोन करून हेच विचारतात.

आपली,
एक नियमित वाचक, सातवीतल्या मुलीची आई
इंदिरानगर, नाशिक

ता. क. खरं बांधकाम चुन्यात व्हायचं म्हणून काही उत्साही पालक मुलांना चुनकळी, म्हणजे न विरवलेला चुना, आणून देतात, ते अजिबात करू नका, पाणी लागलं की ती उकळते आणि डोळ्यात उडाली तर इजा होते. चुन्याची घाणी दाखवायची असेल तर ओल्या मातीवरून दगडी चाक फिरवून दाखवा, वरवंटा चालतो.